शिळं पाणी

माझं काम चारचौघांत सांगण्यासारखं नाही, आणि गेली दोन वर्षं ते सांगायला कायद्यानेही बंदी आहे. तरी सांगते. मी निमखेड शहराची गटारं तपासते. पालिकेच्या प्रयोगशाळेच्या दारावर 'वैजयंता खिल्लारे, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ' अशी पाटी आहे, पण पाटीमागचं काम तेच. शहरात आठ वॉर्ड, आठ मुख्य गटारं, आठ झाकणं. रोज सकाळी मी झाकण उघडते, आतल्या पेटीतली नळी बदलते आणि पुढच्या वॉर्डाकडे निघते. माझ्या नाकाला सवय झाली आहे. लोकांना अजून माझी झालेली नाही, म्हणून लग्नकार्यात मी जरा कडेलाच बसते.

सुका ताप जगभर पसरून तेव्हा तीन वर्षं झाली होती. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप, आणि चौथ्या दिवशी श्वास अडकायचा. या तापाचा विषाणू माणूस आजारी पडायच्या आधीच त्याच्या पोटातून गटारात उतरतो. त्यामुळे डॉक्टरला कळायच्या चार दिवस आधी गटाराला कळतं. गटारातल्या पेटीत बसवलेलं यंत्र तासातासाला विषाणू मोजतं, आकडा दिल्लीला पाठवतं आणि तिथे 'प्रहरी' नावाचा संगणक तो वाचतो.

मला तो आकडा दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. साथीच्या पहिल्या वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला एका देशाने शेजाऱ्याच्या तापाचे आकडे वाचले, कुठल्या छावणीत किती जवान आडवे पडलेत ते ओळखलं आणि नेमक्या त्याच बाजूने सैन्य घुसवलं. तेव्हापासून सगळ्या देशांनी आपापले आकडे कुलपात घातले. आपल्याकडे जीवसुरक्षा कायदा आला. गटाराचा आकडा हे सरकारी गुपित झालं, आणि परवानगीशिवाय कुणी सांडपाणी तपासलं तर सात वर्षं शिक्षा. यात मला तेव्हाही काही वावगं वाटलं नव्हतं. घरात आजारी कोण आहे हे चोराला कळू नये, एवढं मलाही समजतं.

पण प्रहरी दोन प्रश्न विचारतो. किती माणसं आजारी आहेत, हा पहिला. हा ताप आपोआप आला की कुणी सोडला, हा दुसरा. निमखेडपासून अकरा किलोमीटरवर दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्यामुळे आमच्या बाबतीत दुसरा प्रश्न जरा जास्तच जोर लावून विचारला जायचा.

एका मंगळवारी सकाळी आठ वाजता माझ्या थोरल्या भावाला धरून नेलं.

भानुदास खिल्लारे. पालिकेत पाणी सोडणारा. निमखेडला नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. रोज एक वॉर्ड, म्हणजे रोज एक व्हॉल्व्ह उघडायचा आणि आदल्या दिवशीचा बंद करायचा. पाच फुटी लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून दादा एकतीस वर्षं हे करतोय. दहावीनंतर तो या कामाला लागला, कारण दोघांनी शिकण्याइतकं घरात नव्हतं आणि मी गणितात बरी होते. पंचनाम्यात त्या चावीची नोंद 'पाच फुटी लोखंडी हत्यार' अशी झाली. शहराच्या चारही नाक्यांवर लोखंडी कठडे आले, इंटरनेट बंद झालं, फोन तेवढे चालू राहिले.

दुसऱ्या दिवशी मला आयटीआयच्या वसतिगृहात बोलावलं. तिथेच दादाला ठेवलं होतं. खाली एका वर्गखोलीत राष्ट्रीय जैवसुरक्षा कक्षाचा अधिकारी बसला होता. ईशान चौबळ, वय तेहतीस, बोलायला अत्यंत सभ्य. आल्या आल्या त्याने चहा मागवला. मला असल्या चहाची जास्त धास्ती वाटते.

"तुमचे बंधू कधी नमुन्याच्या पेटीजवळ आले होते का, मॅडम?"

"त्याला गटाराचा वास सहन होत नाही. तो पिण्याच्या पाण्याचा माणूस आहे."

मग त्याने टॅबलेट माझ्यापुढे केला. आठ वॉर्डांच्या आठ रेघा होत्या. प्रत्येक रेघ आठ दिवस चढायची, कड्यावरून ढकलल्यासारखी एकदम खाली यायची, आणि पुन्हा चढायची. दोन वर्षं मी नळ्या बदलत होते, पण त्या नळ्यांचं पुढे काय होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रेघांखाली लाल ठिपके होते. ते दादाच्या फोनचे.

"ज्या वॉर्डात ते जातात, तिथे दुसऱ्या दिवसापासून आकडा चढायला लागतो," चौबळ म्हणाला. "आठव्या दिवशी परत जातात, त्या दिवशी आकडा पडतो. प्रहरीचा अंदाज असा की ते आधीचा पुरावा धुऊन टाकतात आणि नवा साठा सोडतात. निसर्गात असं घड्याळ नसतं."

मला हसू आलं. वेळ हसण्याची नव्हती, पण आलं.

"साहेब, तुमच्या घरी पाणी कधी येतं?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? नळ सोडला की येतं."

"आमच्याकडे दादा येतो तेव्हा येतं."

मग मी त्याला सांगितलं. पाण्याच्या दिवशी निमखेडचा माणूस दीडशे-दोनशे लिटर पाणी वापरतो. धुणी, भांडी, अंघोळी, अंगण, सगळं त्याच दिवशी. पुढे रोज हात आखडतो. आठव्या दिवशी माणशी पंचवीस लिटर उरलं तरी त्या घरची बाई संसारी म्हणायची. आजारी माणसं तेवढीच, त्यांचा विषाणूही तेवढाच, पण त्याला पातळ करणारं पाणी कमी कमी होत जातं. मग गटारात तो दाट होणारच. दादा पाणी सोडतो त्या दिवशी पातळ होणारच.

त्याने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाला, "प्रहरी प्रत्येक शहराला माणशी एकशे पस्तीस लिटर पाणी धरतो. तो सरकारी निकष आहे."

"निकष आहे. पाणी नाही."

त्याने तेही लिहून घेतलं. मला वाटतं त्याला तेव्हाच पटलं होतं. पण पटणं आणि करणं यांच्यामध्ये त्याची एक समिती होती आणि ती तीन आठवड्यांनी बसणार होती. दादाला इथे दहाच दिवस ठेवता येणार होतं. दहाव्या दिवशी संध्याकाळी सहाला गाडी येणार होती आणि ती कुठे जाणार हे घरच्यांना सांगायची कायद्यात सोय नव्हती.

"आणखी एक," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुम्ही पाहिलेला आलेख गोपनीय आहे. बाहेर बोललात तर मला तुम्हालाही थांबवून घ्यावं लागेल."

"मग दाखवलात कशाला?"

मी चहा तसाच ठेवून उठले.

घरच्यांना डबा द्यायची परवानगी होती. मथुरावहिनीबरोबर मी गेले. वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा जेवढा बोलतो त्याच्या चौपट ती बोलते, पण त्या दिवशी तिने नुसता डबा छातीशी धरला होता. खिडकीच्या गजांआड दादा उभा होता. त्याने डबा घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वैजे, तुझ्याच नळ्या ना गं त्या?"

"हो दादा."

"दोन वर्षं सकाळचं माझ्या मागंपुढं झाकणं उघडत फिरलीस. या वॉर्डात मी पाणी सोडायलो, त्या वॉर्डात तू नळी काढायलीस. एकदा बी म्हणली न्हाईस की यातून माणूस धरतेत."

"मला माहीत नव्हतं. आणि घरी काही सांगणार नाही अशी सही घेतली होती."

"सही," एवढंच म्हणून त्याने खिडकी लावून घेतली. ज्याने माझ्या पुस्तकांसाठी स्वतःची पुस्तकं विकली, तो माझ्यासमोर खिडकी लावतो हे मला फार लागलं. घरी जाईपर्यंत वहिनी माझा हात धरून चालत होती आणि त्याने उलट जास्तच रडू येत होतं.

इकडे दादा आत गेल्यापासून पाणी बंद झालं होतं. चौबळच्या लोकांनी एक अभियंता पाठवला. त्याने चार नंबरचा व्हॉल्व्ह डावीकडे पिळला, तो हलेना, तेव्हा दोन माणसं लावून पिळला, आणि तिथेच हात टेकले. निमखेडच्या आठ व्हॉल्व्हपैकी तीन उलटे फिरतात, एकाला आधी अर्धा फेरा मागे घ्यावा लागतो, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही. कठड्यांमुळे टँकर येईना. हातपंप आणि दोन विहिरींवर बासष्ट हजार माणसं तग धरून होती. चार नंबर वॉर्डाची पाळी तर नेमकी दादाला धरलं त्याच दिवशीची होती. त्यांचं आठाचं सोळा दिवसांवर जायला लागलं.

सहाव्या दिवशी चौबळ स्वतः प्रयोगशाळेत आला. केस चिकटलेले, शर्ट दोन दिवसांचा.

"मॅडम, तुमचे बंधू आत आहेत आणि आकडे दुप्पट झालेत. प्रहरी म्हणतो, साथीदार आहे."

"पाणी बंद आहे हे प्रहरीला कुणी सांगितलं का?"

"चार नंबर वॉर्डात लोकसंख्या सात हजार शंभर आहे." त्याने घसा साफ केला. "प्रहरीच्या मते तिथे नऊ हजार आजारी आहेत."

मी हातातली नळी खाली ठेवली.

"राहतात सात हजार आणि आजारी नऊ हजार?"

"त्याचा निष्कर्ष असा की बाहेरची दोनेक हजार माणसं तिथे लपून बसलेली आहेत."

हसू नका; त्या दुपारी खरंच शोधमोहीम झाली. बंदूकधारी जवानांनी चार नंबर वॉर्डातलं एकेक घर, एकेक माळा पाहिला. दोन हजार घुसखोरांऐवजी त्यांना सुताराच्या घरी एक जावई सापडला. तो नाकाबंदीत सहा दिवस अडकला होता आणि सासू त्याला कंटाळली होती. त्याला घेऊन जा म्हणून तीच मागे लागली.

मला मात्र त्या दिवशी संताप आला. आधी भीती होती, ती त्या नऊ हजारांनी घालवली. ज्या यंत्राला माणसांपेक्षा आजारी जास्त दिसतात आणि तरी स्वतःची चूक दिसत नाही, त्याच्या शब्दावर माझा भाऊ जाणार होता.

प्रयोगशाळेच्या अडगळीत जुन्या साथीतलं आरटीपीसीआर यंत्र चादरीखाली पडलं होतं. बर्फपेटीच्या तळाशी तापाच्या तपासणीचं सामान आणि 'मिरची' तपासणीची दोन पाकिटंही होती. ही मिरची जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मिरचीच्या झाडाला एक विषाणू होतो. माणसाला त्याचा काही त्रास नाही. ठेच्यातून, रश्श्यातून तो पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. गाव तेवढंच, गावाचं तिखट तेवढंच, तर गटारात मिरचीचा विषाणूही रोज साधारण तेवढाच. पाणी वाढलं तर ताप आणि मिरची दोन्ही पातळ होतात, पाणी आटलं तर दोन्ही दाट होतात. तापाच्या आकड्याला मिरचीच्या आकड्याने भागा, की पाणी हिशेबातून निघून जातं आणि उरतात ती आजारी माणसं. पूर्वी आम्ही असंच करायचो. प्रहरी आला तेव्हा कुठल्याशा बैठकीत ठरलं की प्रत्येक नळीमागे दुसरी तपासणी म्हणजे वेळेचा अपव्यय. मी विरोधाचं पत्र लिहिलं होतं. त्याची पोचही आली नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी आठही गटारांतून माझ्या स्वतःच्या बाटल्या भरल्या. भर उजेडात, लोकांसमोर, पेटीवरच्या कॅमेऱ्यासमोर. सात वर्षांची शिक्षा डोक्यात होतीच. पण गटार आमचं, घाण आमची, ताप आमचा, आणि आम्हीच मोजायचा नाही हे मला त्या दिवशी पटेना. दुपारपर्यंत आकडे हातात आले. कुठल्या वॉर्डाला आठ दिवस पाणी नव्हतं, कुठल्या वॉर्डाला पंधरा. नुसता ताप बघितला तर आठ तऱ्हा. मिरचीने भागल्यावर आठही वॉर्ड जवळजवळ एका रेषेत आले. चार नंबरात नऊ हजार नव्हते. हजाराच्या आसपास होते. हजार हाही काही थोडा आकडा नाही. त्यांना लस हवी होती, प्राणवायू हवा होता, आणि आमची लस तर चौकशी संपेपर्यंत थांबवलेली होती.

कागद घेऊन मी चौबळकडे गेले नाही. त्याने ते समितीपुढे ठेवले असते. मी वहिनीकडे गेले.

"वहिनी, चार नंबरचा व्हॉल्व्ह तुला येतो का उघडता?"

"का नाही यायचा? लगीन झाल्यापासून डबा घेऊन त्येच्या मागं फिरते मी. चार नंबर उलटा हाय. आधी अर्धा फेरा बंद करायचा, मग उजवीकडं." ती थांबली. "चावी तर त्यांनी नेली की."

"जुनी असेल ना?"

जुनी चावी न्हाणीघरात दोरी बांधायला लावलेली होती. आम्ही दोरीवर वाळत घातलेले कपडे काढले आणि चावी उपसली.

आता एक कबुली. वीस वर्षं मी माझ्या या वहिनीशी एकाच गोष्टीवरून भांडत आले आहे. नळाला पाणी आलं की ती घरातलं शिल्लक पाणी ओतून देते. हंडा भरलेला असला तरी. 'शिळं झालं' म्हणते. घरातलं पाणी साफ संपू द्यायचं नाही, म्हणून शेवटचा हंडा राखून ठेवायचा, आणि ताजं आलं की तोच मोरीत ओतायचा. अख्खं निमखेड असंच करतं. मी शाळांत व्याख्यानं दिली, पालिकेच्या भिंतीवर 'पाणी शिळे होत नाही' असं रंगवून घेतलं. काही उपयोग झाला नाही. आणि प्रहरीच्या रेघा कड्यावरून कोसळायच्या त्या याच हंड्यांमुळे. एका तासात आठ-नऊशे घरांचे हंडे मोरीत.

आठव्या दिवशी सकाळी दहा वाजता भोंग्याची रिक्षा घेऊन मी चार नंबर वॉर्डात फिरले. एरवी या रिक्षेवरून उद्या कुठे पाणी आहे ते सांगतात. मी म्हटलं, "मी वैजयंता खिल्लारे. प्रहरी म्हणतो या वॉर्डात नऊ हजार आजारी आहेत. हा आकडा गुपित आहे आणि मी तो फोडते आहे. आज अकरा वाजता मथुराबाई खिल्लारे पाणी सोडणार आहेत. आज चार वाजता हाच प्रहरी म्हणेल की वॉर्डात सातशेच्या आत आजारी उरले. औषध नाही, लस नाही, तरी म्हणेल. ऐकून ठेवा आणि ताडून बघा. आणि बायांनो, आज शिळं पाणी खुशाल ओता. आज मी काही बोलणार नाही."

व्हॉल्व्हच्या खड्ड्याभोवती गर्दी जमली. चौबळ दोन जवानांना घेऊन आला. वहिनीने पदर खोचला, चावी बसवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बाजूला सरा साहेब, अंगावर येईल."

जवान त्याच्या हुकमाची वाट बघत होते. त्याने खड्ड्यात पाहिलं, गर्दीतल्या रिकाम्या बादल्या पाहिल्या, आणि म्हणाला, "पाणीपुरवठा अत्यावश्यक सेवेत येतो. चालू द्या."

अर्धा फेरा मागे, मग उजवीकडे. पाइप घरघरला आणि मग पाणी चढल्याचा आवाज आला. सोळा दिवसांनी वॉर्डात पाणी आलं. मोऱ्यांतून गटाराकडे जो लोट आला त्याने झाकणं थरथरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौबळ आला तेव्हा एकटाच होता. अंघोळ करून आला होता. टॅबलेट त्याने माझ्या टेबलावर उलटा ठेवला.

"काल चार वाजता सहाशे ऐंशी," तो म्हणाला.

"मी सातशेच्या आत म्हटलं होतं."

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मॅडम, माझी आई जिथे राहते तिथे चोवीस तास पाणी आहे. पोहण्याचा तलाव आहे. प्रहरी तो भाग सगळ्यात स्वच्छ दाखवतो."

"किती वापरत असतील माणशी? तीन-चारशे लिटर?"

"असेल."

"मग तिथला खरा आकडा दिसतो त्याच्या दुप्पट, तिप्पट असणार. मिरचीने भागून बघा. तिथे तिखट कमी खात असतील, तेवढं जमेस धरा." मी बोलून गेले, आणि त्याचा चेहरा पाहिल्यावर लक्षात आलं. सगळे मोठे लोक, सगळी मोठी कार्यालयं त्याच भागांत होती. शत्रूला जे कळू नये म्हणून एवढं कुलूप लावलं, ते आपल्यालाच कळत नव्हतं.

मग त्याने खिशातून कागद काढला. वरून आला होता. मी सही करायची: निमखेडमधला जैविक धोका खरा होता, कक्षाने तो वेळीच निपटला, भानुदास खिल्लारे यांचा त्याच्याशी संबंध आढळला नाही, आणि माझी तपासणी ही अनवधानाने झालेली चूक होती. सही केली की दादा तासाभरात घरी, माझ्यावरचा गुन्हाही मागे. नाही केली तर उद्या सहाची गाडी.

"आणि प्रहरी?"

"प्रहरी आहे तसाच राहील," तो खाली बघत म्हणाला. "समिती बसेपर्यंत."

मी कागद घेऊन वसतिगृहात गेले. खोटं बोलत नाही, सही करायचीच असं ठरवून गेले होते. दादा माझ्याकडून आता अजून काय सहन करणार? वहिनी बरोबर होती. खिडकी उघडली. मी कागद वाचून दाखवला. दादाने तो दोनदा वाचायला लावला.

"म्हंजे खरंच कुणीतरी ताप सोडला होता, असं तू लिहून द्यायलीस?"

"तू सुटतोस ना."

"पिंपरखेड्याला आमचा गणी मुंढे हाय. त्याच्याकडं बारा दिवसांनी पाणी. पंधरवड्यापूर्वी त्यालाबी नेला. त्येच्या बायकोचा फोन आलता." तो गजांना धरून उभा राहिला. "तुझ्या सहीनं मी सुटीन. त्यो कसा सुटल? तिथं कोण हाय गटाराची बाई?"

"दादा, उद्या सहाला गाडी आहे."

"असू दे. लिहायचं तर खरं लिही. माझी पुस्तकं इकून तुला शिकवलं, ते असली सही करायला न्हाई." हे तो रागाने बोलला, पण खिडकी त्याने उघडीच ठेवली.

मी त्याच्यासमोरच कागद फाडला. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "लगीनाची वही कुठंय?"

दादाच्या मुलीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं. तेव्हा दादाने आपल्या धंद्यातल्या झाडून सगळ्या माणसांना आमंत्रण दिलं होतं. सहा जिल्ह्यांतले पाणी सोडणारे, नाव, गाव, फोन, पत्रिका पोचल्याची खूण. एकोणतीस शहरं. सहा दिवसांनी, नऊ दिवसांनी, बारा दिवसांनी पाणी येणारी. त्या संध्याकाळी जेवणाआधी आम्ही दोघींनी एकोणतीस फोन केले. वहिनी बोलायची, मी पुढचा नंबर लावायचे. "भाऊ, उद्या दहा वाजता ज्या वॉर्डाची पाळी न्हाई तिथं पाणी सोडा. आन आधी भोंग्यावर सांगा, की चार वाजेपर्यंत इथला ताप उतरणार हाय." कुणी का म्हणून विचारलं तर ती सांगायची, "आमच्या माणसाला पाणी सोडल्याबद्दल धरलाय." दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही.

दहाव्या दिवशी आम्ही दुपारी तीनपासून वसतिगृहाच्या फाटकासमोर बसलो. पाच वाजता काळी गाडी आली. साडेपाचला चौबळ बाहेर आला. तो धावतच होता आणि त्याला ते शोभत नव्हतं.

"एकोणतीस शहरांत एका दुपारी ताप उतरला," तो म्हणाला. "प्रहरीच्या नकाशात सहा जिल्हे हिरवे झाले. दिल्लीहून फोन आलाय. विचारताहेत, कोणतं औषध दिलं?"

"मग काय सांगितलंत?"

"पाणी, म्हटलं." तो पहिल्यांदाच मनापासून हसला. "त्यांनी कंपनीचं नाव विचारलं."

एकोणतीस ठिकाणी आधी सांगून पाण्याने उतरवलेला ताप दादाच्या नावावर घालता येईना; सहा वाजता ती गाडी रिकामी गेली.

दादा बाहेर आला तेव्हा फाटकावर गर्दी होती. तो माझ्याजवळ आला, चावी मागितली, ती परत न्हाणीघरात गेली असेल तर बरं होणार नाही म्हणाला. एवढंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाच नंबरचा व्हॉल्व्ह उघडून तो माझ्या झाकणापाशी येऊन थांबला, नाकाला रुमाल लावला आणि माझी बाटल्यांची पेटी धरली. गणी मुंढेही आठवड्याने घरी आला. मिरची पुन्हा तपासणीत आली. त्यानंतर मोठ्या शहरांतले आकडे तिपटीने वाढले आणि महिनाभर सगळीकडे धावपळ चालली. चौबळच्या आईला वेळेत खाट मिळाली. समिती अजून बसलेली नाही.

माझ्यावरचा खटला मात्र उभा आहे. गुपित फोडलं, विनापरवाना सांडपाणी तपासलं. माफी मागितली तर मागे घेतील, असा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा मी तो ज्या रस्त्याने आला त्याच रस्त्याने परत पाठवला. पहिली तारीख येत्या गुरुवारची आहे. गुरुवारी आमच्या वॉर्डात पाणी आहे. मी कोर्टाला रीतसर अर्ज लिहिला: त्या दिवशी घरी पाणी येणार असल्यामुळे हजर राहता येणार नाही, तरी दुसरी तारीख मिळावी. वकील म्हणाले, बाई, असलं कारण कोर्टात कुणी लिहितं का?

मी म्हटलं, लिहा. न्यायाधीश याच गावात राहतात.